समोरच्या धारेवरचा वारा

पुणे, ता. ९ फेब्रुवारी १९३६

सौ. मंगलाअक्का हिस रतिलालचा साष्टांग नमस्कार.

तुझं संक्रांतीचं पत्र आणि तिळगूळ दोन्ही पोचले. तिळगुळाचा वाटेत भुगा झाला होता. खोलीतल्या आम्ही तिघांनी तो चमच्याने खाल्ला. दोधूरावांची धडगावच्या दवाखान्यात बदली होऊन दोन वर्षं झाली, तरी तू अजून 'इथे डोंगराशिवाय बोलायला कोणी नाही' असं लिहितेस. म्हणूनच आज डोंगराशीच बोलण्याचं काम तुला देतो आहे.

मी इथे हवामान कचेरीत काय करतो, हे सारंगखेड्याला अप्पांना अजून पटलेलं नाही. परवाच त्यांनी लिहिलं, 'आभाळ बघायला बी.एस्सी. कशाला लागते?' अक्का, मी आभाळ फारसं बघतच नाही. दिवसभर तारेने आलेले आकडे नकाशावर मांडतो. त्या नकाशात जळगाव आहे, सुरत आहे, इंदूर आहे. सातपुड्याच्या जागी मात्र कोरा कागद. तिथे वारा कुठून कुठे जातो, हे सरकारलाही ठाऊक नाही.

तो कोरा कागद मी कचेरी सुटल्यावर गणिताने भरायला बसलो आहे. रखरखीत डोंगरावर पाऊस नसतो, ढग नसतात, तेव्हा वारा उठतो तो फक्त उन्हामुळे. उतार तापला की त्याला लागून असलेली हवा हलकी होऊन वर चढते. रात्री उतार गार पडला की तीच हवा जड होऊन खाली सरकते. उतार किती तिरपा, ऊन किती, झाडांची आडकाठी किती, एवढं धरून मी डोंगराचे कागदावर तुकडे पाडतो, आणि एका तुकड्यातली हवा पुढच्या तुकड्यात किती जाईल ते काढतो. ऑस्ट्रियातल्या डोंगरांवर काही लोक असंच काम करतात. आपल्याकडे कोणी नाही.

तुझ्याकडून एकच हवं. समोरच्या डोंगरावरचा चुलींचा धूर सकाळी, दुपारी, संध्याकाळी कुठे जातो ते बघ आणि कळव. माझं गणित सांगतं की सूर्य उगवल्यावर थोड्याच वेळात धूर उताराने वर चढू लागला पाहिजे.

हिरीला पापा.

तुझा,
रतिलाल

*

धडगाव, ता. २७ फेब्रुवारी १९३६

चि. रतिलाल यास मंगलाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि ह्यांना एकदा वाचून दाखवलं. हे म्हणाले, "धूर देखाले सरकार पगार देस का?" मी म्हटलं, मला नाही, पण माझ्या भावाला देतं.

आता नीट ऐक. आमच्या दवाखान्याच्या पूर्वेला उदई नदी आणि नदीपलीकडे डोंगराची एक लांब धार उत्तर-दक्षिण गेली आहे. तिची पश्चिमेची बाजू आमच्याकडे, तीच मला दिसते. तिच्या पायथ्याशी पावऱ्यांचा पाडा आहे, दूरदूर विखुरलेली कुडाची घरं, प्रत्येक घराभोवती मोहाची झाडं. धारेच्या पलीकडच्या, पूर्वेच्या उतारावर राखीव जंगल. त्या पाड्यावरचा वाहरू आणि त्याची बायको आमच्या घरचेच झाले आहेत. मागच्या पावसाळ्यात उदईला पूर आला, हे शहाद्याला अडकले होते, आणि मला कळा सुरू झाल्या. तेव्हा ती बाई वाहरूच्या खांद्याला धरून पूर उतरून आली. हिरी तिच्याच हातात जन्मली. तुला हे तेव्हा लिहिलं नव्हतं, कारण तू घाबरट आहेस.

तर धूर. रतिलाल, तुझं गणित आमच्या धारेला लागू पडत नाही. सूर्य उगवतो, कोंबडी दाणे टिपून जातात, माझी भाकरी होते, तरी समोरच्या पाड्याचा धूर खालीच सरकत असतो. उतारावरून घसरत नदीवर येतो आणि तिथे निजतो. एवढंच नाही. पलीकडच्या बाजूला कोणी कोळशाची भट्टी लावली असेल, तर तिचा धूर सकाळी धारेवरून आमच्या बाजूला सांडतो, ऊतू गेलेल्या दुधासारखा. इकडच्या उतारावर ऊन चांगलं भरलं की मगच पाड्याचा धूर उलटा फिरून वर चढतो. दुपारी तर तो धार ओलांडून पलीकडे जातो.

मला तर हे बघायचा नादच लागला आहे. काल भाकरी करपली.

तुझी,
अक्का

*

पुणे, ता. ८ मार्च १९३६

सौ. अक्का हिस सा. न.

तुझं पत्र वाचून आनंद झाला आणि थोडी निराशाही. तू मनापासून बघितलंस, यात शंका नाही. पण सकाळी इतक्या उशिरापर्यंत धूर खाली सरकणं गणितात बसत नाही. दवाखान्याचं घड्याळ पुढे असेल. किंवा स्वैपाकाचा धूर ओल्या लाकडांमुळे जड असेल. किंवा नदीवरचं धुकं तुला धुरासारखं वाटलं असेल. दुरून बघताना नजरेची चूक होते, यात कमीपणा नाही.

आमच्या साहेबांना मी माझे कागद दाखवले. त्यांनी चाळले आणि म्हणाले, "पाटील, ज्या डोंगरात तार पोचत नाही तिथल्या वाऱ्याचं भाकीत कोणासाठी करणार?" मी कागद गोळा करून परत आलो.

पुन्हा एकदा बघशील का? या वेळी घड्याळ लावून.

रतिलाल

*

धडगाव, ता. २४ मार्च १९३६

चि. रतिलाल यास आशीर्वाद.

घड्याळ बरोबर आहे. डोळेही बरोबर आहेत. धुकं आणि धूर यांतला फरक मला चूल पेटवायला लागल्यापासून कळतो. सूर्य माझ्या समोरच्या उतारावर उगवतोच मुळी उशिरा, कारण तो धारेच्या पाठीमागून येतो. तू पुण्यात बसून डोंगराच्या नेमक्या डोक्यावर सूर्य ठेवलास आणि मला नजर तपासायला सांगतोस.

ते असो. आज भांडायला वेळ नाही. मला एका प्रश्नाचं उत्तर हवं आहे, आणि ते टपालाच्या पहिल्या फेरीने हवं. मार्च महिना, आभाळ स्वच्छ. धारेच्या पश्चिमेच्या पायथ्याशी सकाळी कोणी पालापाचोळा जाळला, तर त्याची ठिणगी धार ओलांडून पूर्वेच्या उतारावर जाऊ शकते का? अंदाजाने सांगू नकोस, गणिताने सांग.

का विचारते ते विचारू नकोस.

अक्का

*

पुणे, ता. १ एप्रिल १९३६

सौ. अक्का हिस सा. न.

आधी कान धरतो. तुझं पत्र आल्यावर मी कागद पुन्हा काढले, आणि पहिल्याच पानावर माझी चूक मला दिसली. मी डोंगराला बाजूच दिल्या नव्हत्या! दोन्ही उतारांवर सारखंच ऊन धरलं होतं. आता पूर्वेचा उतार वेगळा आणि पश्चिमेचा वेगळा धरून सगळे तुकडे नव्याने मांडले. चार संध्याकाळी गेल्या. खोलीतले दोघे मला वेडा म्हणतात.

उत्तर असं आलं. उजाडताच पूर्वेचा उतार तापू लागतो. त्याची हवा चढून धारेवर येते. त्याच वेळी पश्चिमेचा उतार सावलीत गार असतो आणि त्याची हवा खाली सरकत असते. म्हणून धारेवर पोचलेली हवा पश्चिमेकडे ओढली जाते आणि सांडते. तू लिहिलंस तसंच, ऊतू गेलेल्या दुधासारखी. दुपारी ऊन पश्चिमेच्या उतारावर येतं, वर तापी खोऱ्याकडचा पश्चिम वारा मदतीला येतो, आणि सगळं उलटं फिरतं.

म्हणजे तुझ्या प्रश्नाचं उत्तर: स्वच्छ सकाळी नाही. पश्चिमेच्या पायथ्याची ठिणगी नदीकडे जाईल, धारेकडे नाही. दुपारी मात्र तीच ठिणगी धार ओलांडू शकेल.

अक्का, काय सुंदर प्रश्न विचारलास! ठिणगीची कल्पना मला कधी सुचलीच नसती. या सगळ्याचा एक निबंध होईल, आणि त्यात तुझं नाव घातल्याशिवाय मी राहणार नाही. निरीक्षणाची गोडी माणसाला कुठून कुठे नेते बघ! आता पलीकडच्या उतारावर जाऊन तिथलंही बघता आलं तर फारच छान होईल. डबा बांधून सहलीला जा सगळे.

तुझा आनंदी भाऊ,
रतिलाल

*

धडगाव, ता. ६ एप्रिल १९३६

चि. रतिलाल यास अनेक आशीर्वाद.

सहलीला जाण्यासारखं इथे काही राहिलेलं नाही. पलीकडचा उतार जळून गेला आहे.

तुला खरं लिहिते. ह्यांनी लिहू नको म्हटलं होतं, म्हणून मागच्या पत्रात गप्प बसले. मोहाची फुलं रात्रभर गळतात आणि बायका-पोरं पहाटे टोपल्या घेऊन वेचायला जातात. फुलं पाल्यात हरवू नयेत म्हणून झाडाखालचा पाला आधी जाळून जागा साफ करतात. इथे सगळेच करतात. मार्चमध्ये वाहरूनेही एका सकाळी तेच केलं. त्याच दिवशी, ऊन अजून इकडच्या उतारावर यायचं होतं तेव्हा, धारेपलीकडून धुराचा लोट उठला. मी अंगणात ज्वारीच्या बिबड्या वाळत घातल्या होत्या, त्यांच्यावर राख पडली. राखीव जंगलाचा मोठा तुकडा गेला. दोन रात्री धार लाल दिसत होती.

आग विझल्यावर एका दुपारी जंगल खात्याचे नाकेदार आणि रेंजर पाड्यावर आले. वाहरूच्या झाडाखाली काळी जमीन दिसली. रेंजरने उभं राहून एक काडी पेटवली, धूर धारेकडे जातो की नाही पाहिलं. दुपारच्या वेळी तो जाणारच! झाला पंचनामा. वाहरू आता चौकीच्या कोठडीत आहे. त्याला शिक्षा झाली तर आगी लावणारा पाडा म्हणून ती सगळी घरंच जंगलाच्या हद्दीतून उठवायची असं रेंजर उघड बोलतो.

मी कोठडीच्या दाराशी जाऊन आले. वाहरू भिंतीला टेकून बसला होता. मला बघून उठला.

"आग मी इझाडी व्हती, बाई," तो म्हणाला. "वरतून पानी टाकं व्हतं. पन माले कोन इचारस?"

घरी आले तर हे दारातच उभे. "तू काय वकील शे का?" म्हणाले.

मी म्हटलं, "वकील नही, पन डोया शेत माले."

हे त्या रात्री जेवले नाहीत. त्यांचंही खोटं नाही. सरकारी दवाखान्यातला कंपाउंडर जंगल खात्याशी वाकडं घेऊन किती दिवस टिकेल?

महालकरी साहेबांसमोर खटला आहे. मी बिबड्यांवरच्या राखेचं त्यांच्या कारकुनाला सांगितलं. तो म्हणाला, "राख वाहरूच्या आगीचीच कशावरून नाही?" त्याचंही बरोबर आहे. सकाळी वाहरूचा धूरही आमच्याकडेच येतो.

म्हणून तुझं गणित हवं. तू येशील का? नाही तर निदान कचेरीच्या शिक्क्याचा कागद पाठव.

अक्का

*

पुणे, ता. ११ एप्रिल १९३६

सौ. अक्का हिस सा. न.

तुझं पत्र वाचून मला माझ्या सहलीची इतकी लाज वाटली की काय लिहावं कळेना. सकाळी तसाच साहेबांपुढे उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. रजा नाही म्हणाले, कारण पावसाळ्यापूर्वीच्या तक्त्यांचं काम गळ्याशी आलं आहे. शिक्का तर नाहीच. "कचेरीने न मोजलेल्या वाऱ्यावर कचेरीचा शिक्का कसा देऊ?" हे खरं आहे, माझ्या धारेवर एकही यंत्र नाही. निघताना मात्र त्यांनी हाक मारली आणि म्हणाले, "स्वतःच्या नावाने लिहायला मी तुम्हाला अडवत नाही."

सोबत चार पानं जोडली आहेत. मराठीत, आकडे कमी आणि चित्रं जास्त. खाली माझं नाव, पदवी आणि गाव. कचेरीचं नाव नाही.

पण अक्का, कागदावर कोणी विश्वास ठेवेल असं मला वाटत नाही. महालकऱ्यांना सांग, स्वतः येऊन बघा. वाहरूच्या झाडाखाली जागा साफ करून, भोवती पाणी मारून, सकाळी ओल्या गवताचा धूर करा. दुसरा धूर पलीकडच्या जळलेल्या उतारावर करा, तिथे आता पेटायला काही उरलेलं नाही. दोन्ही धूर दुपारपर्यंत बघत बसा. वाऱ्याने साक्ष द्यायची तर ती वाऱ्याच्याच तोंडून ऐकावी.

एक लक्षात ठेव. हा सगळा खेळ उन्हाचा आहे. ऊन हेच त्याचं इंजिन.

जीव टांगणीला लागला आहे.

रतिलाल

*

धडगाव, ता. १६ एप्रिल १९३६

रा. रा. रतिलाल भिला पाटील यांस दोधू सखाराम पाटील यांचा नमस्कार वि. वि.

आपण पाठविलेली चार पाने सौभाग्यवतीने महालकरी साहेबांचे हाती दिली. मला न विचारता. साहेबांनी ती वाचून धुराची परीक्षा घेण्याचे मान्य केले. काल परीक्षा झाली. मी गेलो नव्हतो. नाकेदाराने दवाखान्यात येऊन सर्वांसमक्ष हसत सांगितले की, वाहरूच्या झाडाखालचा धूर सकाळीच धार ओलांडून पलीकडे गेला. आपल्या गणिताच्या अगदी उलट.

आपण पुण्यास सुरक्षित आहात. आम्हांस येथे राहावयाचे आहे. यापुढे असे कागद पाठवू नयेत ही विनंती. सौभाग्यवती काल आल्यापासून अंगणात बसून आभाळाकडे बघत आहे. तिला समजावून दोन ओळी लिहाव्या.

आपला,
दोधू सखाराम

*

धडगाव, ता. २७ एप्रिल १९३६

चि. रतिलाल यास पोटभर आशीर्वाद.

ह्यांनी तुला काय लिहिलं ते मला मागाहून कळलं. तू दोन दिवस जेवला नसशील. आता सावकाश बसून हे वाच.

पहिल्या दिवशी मी गेले तेव्हा आभाळ भरलेलं होतं. या दिवसांत कधीमधी येतात तसे राखाडी ढग, पाऊस नाही पण ऊनही नाही. महालकरी साहेब घोड्यावरून आले, रेंजर, नाकेदार, दोन पंच. वाहरूला दोरी बांधून आणला होता. त्याच्या बायकोने ओल्या गवताचा भारा टाकला. धूर उठला, थोडा वेळ जागीच घुटमळला, आणि मग हळूहळू धारेकडे निघाला. गेला वर, गेला पलीकडे. पाड्यावरची माणसं खाली मान घालून उभी. रेंजर साहेबांना म्हणाला, "आता आणखी काय बघायचं?"

 मी परत फिरले. अंगणात बसले तेव्हा अंगाला गार लागलं, बिबड्या दोन दिवस वाळत नव्हत्या हे आठवलं, आणि एकदम तुझं वाक्य समोर आलं: ऊन हेच इंजिन. रतिलाल, त्या दिवशी इंजिनच बंद होतं! पूर्वेचा उतार तापलाच नव्हता, तर त्याची हवा चढणार कुठून? ढगांबरोबर आलेला वरचा पश्चिम वारा तेवढा होता, धूर त्याच्या मागे गेला.

दुसऱ्या दिवशी मी तडक महालकऱ्यांच्या कचेरीत गेले. पदर डोक्यावर, हिरी कडेवर. कारकून आत सोडेना. साहेबांनी आतूनच विचारलं, "कोण आहे?"

मी दारातूनच म्हटलं, "साहेब, आग लागली त्या दिवशी कडक ऊन होतं. काल ऊन नव्हतं. उन्हाचा वारा ढगाच्या दिवशी कसा दिसेल? दिवा विझवून सावली शोधल्यासारखं झालं ते."

साहेब बाहेर आले. वयस्कर माणूस, जाड चष्मा. म्हणाले, "तुमच्या भावाने हे लिहिलेलं नाही."

"त्याने ऊन पाहिजे एवढं लिहिलं आहे. ढगाचं मला काल कळलं."

"आणि उद्या पुन्हा चुकलं तर पावसाचं कारण सांगाल?"

मी म्हटलं, "स्वच्छ उन्हाच्या सकाळी धूर वर गेला, तर मी पुन्हा या दारात येणार नाही. पण साहेब, पाडा एकदा उठला की पुन्हा बसत नाही."

त्यांनी वर आभाळाकडे बघितलं. मग कारकुनाला म्हणाले, "आभाळ निवळलं की मला आठवण करा."

आभाळ निवळायला चार-पाच दिवस गेले. त्या सकाळी मी निघाले तर हे दवाखान्याला कुलूप लावून उभे. हातात पाण्याची बादली.  म्हणाले, "आग व्हई, धूर व्हई, कोनी भाजनं तर कंपाउंडर नको का?" आणि माझ्यापुढे चालू लागले. सगळ्या धडगावने बघितलं.

वाहरूच्या झाडाखाली आणि धारेपलीकडे एकाच वेळी धूर केला. पलीकडे एक पंच आणि नाकेदार स्वतः गेले होते, म्हणजे कोणी शंका घ्यायला नको. ऊन धारेच्या माथ्यावर होतं, आम्ही सावलीत. रतिलाल, गवत पेटलं आणि धूर वर उठलाच नाही. जमिनीवर लोळला, उतारावरून घसरला आणि थेट साहेबांच्या घोड्याच्या नाकात गेला. घोडा फुरफुरून मागे सरला. साहेब खोकत बाजूला झाले, चष्मा पुसला, वर बघितलं. धारेच्या माथ्यावरून पलीकडचा पांढरा धूर आमच्याकडे सांडत होता. पाड्यावरची एक म्हातारी मोठ्याने हसली. मग कोणालाच हसू आवरेना.

रेंजर म्हणाला, "पण आम्ही पंचनामा केला तेव्हा धूर वर गेला होता, साहेब. पंच साक्षीला आहेत."

"थांबू या," साहेब म्हणाले, आणि झाडाखाली सतरंजी टाकून बसले. वाहरूच्या बायकोने त्यांना मोहाची भाजलेली फुलं दिली, ती त्यांनी खाल्ली. ऊन उतारावरून खाली खाली आलं. धूर आधी सरळ उभा राहिला. मग जेवणवेळ टळल्यावर तो वाकला, धारेकडे निघाला आणि पलीकडे गेला, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

साहेबांनी रेंजरला विचारलं, "पंचनामा कोणत्या वेळी केला होता?"

"दुपारी, साहेब."

"आणि जंगल पेटलेलं प्रथम कधी दिसलं?"

रेंजरने नाकेदाराकडे बघितलं. नाकेदारच म्हणाला, "सकाळी, साहेब."

साहेब उठले, सतरंजी झटकली आणि शिपायाला म्हणाले, "त्याची दोरी सोडा."

निकाल चार दिवसांनी लेखी आला. वाहरू सुटला, पाडा उठवण्याचं कारण राहिलं नाही. आग कोणी लावली हे कोणालाच कळलेलं नाही, आणि कळेल असं मला वाटत नाही. रेंजर वाईट माणूस नाही, रतिलाल. तो दुसऱ्या दिवशी दवाखान्यात येऊन ह्यांच्यापाशी बराच वेळ बसला होता. जाताना मला म्हणाला, "बाई, मी ते जंगल लावताना पाहिलं होतं." मला तोवर त्याच्या जळालेल्या झाडांचं दुःख सुचलंच नव्हतं.

वाहरू घरी गेला त्या दिवशी आधी झाडाखाली जाऊन उभा राहिला. फुलांचा हंगाम संपला होता. पण शेजाऱ्यांनी त्याच्या वाट्याची फुलं वेचून, वाळवून ठेवली होती. ती बघून मात्र तो रडला.

तुझी,
अक्का

*

पुणे, ता. ४ मे १९३६

सौ. अक्का हिस सा. न. आणि दोधूरावांस विशेष नमस्कार.

तुझं पत्र मी उभ्यानेच वाचलं. मग खोलीतल्या दोघांना मोठ्याने वाचून दाखवलं, आणि आज धीर करून साहेबांपुढे ठेवलं. त्यांनी ते संपूर्ण वाचलं. ढगाच्या दिवसाचा भाग दोनदा वाचला.

म्हणाले, "पाटील, पहिल्या दिवशी तुमचं गणित खोटं ठरलं असं सगळ्यांना वाटलं. खरं तर त्याच दिवशी ते जास्त सिद्ध झालं. ऊन नाही, तर वारा नाही. हे त्या बाईंना कळलं आणि तुम्हाला पुण्यात बसून लिहायला सुचलं नाही."

मी म्हटलं, "होय साहेब."

"या डोंगरातल्या वाऱ्याचं भाकीत कोणासाठी, असं मी तुम्हाला विचारलं होतं. तो प्रश्न मागे घेतो."

पुढच्या थंडीअखेर मला फुगे आणि दुर्बीण घेऊन सातपुड्यात पाठवण्याची त्यांनी शिफारस केली आहे. हलक्या वायूने भरलेला रबरी फुगा आकाशात सोडायचा आणि दुर्बिणीतून त्याच्या मागे नजर ठेवायची, म्हणजे धारेच्या खूप वरचा वाराही कळतो. वायूची लोखंडी नळकांडी घाटातून वर न्यावी लागतील. दोधूरावांना विचार, चांगली बैलजोडी कोणाकडे आहे?

तुझा,
रतिलाल

*

धडगाव, ता. १९ मार्च १९३७

चि. रतिलाल यास अनेक आशीर्वाद.

तू गेल्यापासून घर सुनं वाटतं. हिरी तुझ्या दुर्बिणीच्या पेटीची जागा दाखवून "मामा, मामा" करते. अप्पांनाही तू फुगा दाखवायला हवा होतास. त्यांचं पत्र आलं आहे, 'रतिलालला आभाळात खरंच काही सापडलं का?' मी कळवलं, सापडलं.

यंदाच्या मोहाची गोष्ट सांगते. रेंजर आणि पाड्यावरची माणसं एकत्र बसली. ठरलं असं की पाला ज्याने त्याने मनाला येईल तेव्हा जाळायचा नाही. उतारावर ऊन यायच्या आत, स्वच्छ सकाळी, सगळ्यांनी मिळून जाळायचा, आणि नाकेदाराने पाण्याची मडकी घेऊन हजर राहायचं. ढग असेल त्या दिवशी काडी लावायची नाही. पलीकडच्या उताराच्या पायथ्याशी राहणारे लोक म्हणाले, आमच्याकडे तर सकाळी धूर वर जातो, आम्ही कधी जाळायचं? मी दोन दिवस तिकडे जाऊन बघितलं. त्यांच्यासाठी संध्याकाळ ठरवली, धारेची सावली त्यांच्या उतारावर पडून तो गार झाला की. तीन आठवडे झाले, एकही आग धारेवर गेली नाही. जळलेल्या उतारावर गवत आलं आहे, आणि सागाच्या काळ्या बुंध्यांना हाताएवढी पानं फुटली आहेत.

मी धारेच्या माथ्यावर प्रथमच चढले तेव्हा सकाळ होती. पूर्वेकडचा वारा तोंडावर येत होता, भाकरीच्या वाफेसारखा कोमट. दोन पावलं पश्चिमेला उतरले तर पायाला थंडगार हवा लागली, नदीच्या पाण्यात पाय घातल्यासारखी. वाहरूची बायको बरोबर होती. तिला म्हटलं, हे माझ्या भावाने पुण्यात बसून काढलं होतं. ती म्हणाली, मग त्याला सांग, इथे येऊन बस, पुण्यात वारा नसेल.

आता महत्त्वाचं. तू सोडलेला लाल फुगा ढगात शिरला तेव्हा तू कागदावर आकडे मांडून ऐटीत सांगितलं होतंस, "हा शहाद्याच्या शेतांत उतरेल." हे त्या दिवसापासून शहाद्याहून येणाऱ्या प्रत्येकाला विचारत होते. काल तोरणमाळचा एक माणूस दवाखान्यात आला. त्याच्या मुलीने तलावाकाठी लाल रबराची चिंधी पाहिली, दोऱ्यासकट. तिने ती केसांत बांधली आहे आणि कोणाला देत नाही.

म्हणजे तो फुगा दक्षिणेला गेलाच नाही, पूर्वेला गेला. वरचा वारा तुला वाटला तसा नाही. तुझं गणित पुन्हा चुकलं आहे, रतिलाल. लवकर ये.

तुझी,
अक्का